माशाची साक्ष

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथें आलेला पाहुणा पाणचक्की पाहिल्यावांचून सहसा परत जात नाहीं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांतील ही चक्की डोंगरांतून खापरी नळांनीं आणलेल्या पाण्यावर फिरे आणि यात्रेकरू व फकीर यांच्यासाठीं दळण दळी. मोठीं माणसें त्या पाण्याच्या युक्तीचें वर्णन ऐकत उभीं राहतात; बरोबरचीं मुलें मात्र हौदाच्या कांठाशीं वांकून मासे पाहण्यांत रंगून गेलेलीं असतात. मला वाटतें, मुलांची नजरच अधिक शहाणी आहे. मलिक अंबरानें या गांवीं नहर आणली तेव्हांपासून पाणी आणण्याची, सांठविण्याची व वांटण्याची विद्या येथें नांदत आली. आणि आणलेलें पाणी चांगलें कीं वाईट, हें सांगणारा सर्वांत जुना साक्षीदार मासा हाच होय. तो त्या पाण्यांतच श्वास घेतो, त्यांतच खातो व त्यांतच अंडीं घालतो. मनुष्य विहीर बदलूं शकतो. माशाला पाणी बदलतां येत नाहीं.

या साक्षीदारानें गेल्या पाऊणशें वर्षांत एक फार मोठी साक्ष दिली आहे. शेतांवर व घरांत फवारलेलीं कीटकनाशकें पाण्यांत उतरलीं म्हणजे काय होतें, यासंबंधींची ती साक्ष आहे. ती कोणत्या रीतीनें घेतली गेली, आणि लिहून घेतल्यावर तिचें पुढें काय झालें, याचा थोडासा इतिहास येथें सांगावयाचा आहे. मी प्राणिशास्त्राचा अभ्यासक नव्हे; तेव्हां त्या शास्त्राच्या खोलांत न शिरतां घडलेल्या गोष्टी क्रमानें मांडणें एवढेंच माझें काम.

माशाला विष घालण्याची विद्या मनुष्यास नवी नाहीं. सह्याद्रीच्या रानांतील लोक गेळाचीं फळें किंवा रामेठ्याचा पाला कुटून डोहांत टाकीत आणि गुंगून वर आलेले मासे हातांनीं वेंचून घेत. हेंच गेळफळ आयुर्वेदांत मदनफळ या नांवानें वमनाचें औषध म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे एकच फळ वैद्याच्या हातीं औषध व मासे धरणाराच्या हातीं विष होई. मलायाकडील प्रदेशांत डेरिस नांवाच्या वेलीच्या मुळ्या याच कामीं येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिकडील बागांत ही माशांची मुळी झाडांवरील किडीवर वापरून पाहण्याची कल्पना निघाली. आणि १९०२ सालीं नागाई या जपानी रसायनज्ञानें तिच्यांतील विष वेगळें काढून त्यास रोटेनोन असें नांव दिलें. पुढें कित्येक वर्षें हें रोटेनोन जगभर कीटकनाशक म्हणून खपत होतें.

ही हकीकत लहान आहे, पण तिच्यांत पुढील साऱ्या इतिहासाचें बीज आहे. जें माशास मारतें तें किड्यास मारील, हा तर्क मनुष्यानें चटकन केला. जें किड्यास मारतें तें माशासही मारील, हा उलट तर्क करावयास मात्र त्याला फार वेळ लागला. शिवाय जुन्या पद्धतीस आपोआप कांहीं मर्यादा होत्या. विष एका डोहापुरतें असे. तें उन्हापाण्यानें लवकरच निर्वीर्य होई. आणि मुख्य म्हणजे, विष घालणारा मनुष्य मासे मरतांना समोर उभा असे. आपण काय करीत आहों हें त्याला पुरतें ठाऊक असे. पुढें जें घडलें त्यांत या तिन्ही मर्यादा एकामागून एक सुटल्या.

स्वित्झर्लंडांत ऱ्हाइन नदीच्या कांठीं बाझल नांवाचें शहर आहे. तेथील रंग व रसायनें करणाऱ्या एका कंपनींत पॉल म्युलर या रसायनज्ञानें १९३९ सालीं डीडीटी या पदार्थाचा कीटकनाशक गुण शोधून काढला. पदार्थ जुनाच, १८७४ सालीं तयार झालेला. परंतु त्याचा हा गुण तोंपर्यंत कोणास ठाऊक नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत या भुकटीनें उवांमुळें पसरणारा ज्वर आटोक्यांत आणला, आणि म्युलर यास १९४८ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत स्वातंत्र्याच्या सुमारास दरसाल सुमारें साडेसात कोटि लोकांस हिवताप येई व सुमारें आठ लक्ष माणसें त्यानें मरत असें सांगतात. १९५३ सालीं हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९५४ सालीं डीडीटी देशांतच करण्यासाठीं सरकारी कंपनी निघाली. आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत रोग्यांची संख्या सुमारें एक लक्षापर्यंत उतरली. ज्यांच्या घरांतलीं माणसें या फवाऱ्यामुळें वांचलीं त्यांच्यापुढें आज उभें राहून डीडीटीस नुसत्या शिव्या देणें हें कृतघ्नपणाचें होईल. इतिहास लिहिणारानें दोन्ही पारडीं हातांत धरलीं पाहिजेत.

घराच्या भिंतीवरून हा फवारा शेतांत गेला. मराठवाडा हा पूर्वीपासून कापसाचा मुलूख. १९७० नंतर संकरित कापूस आला आणि त्याच्यामागोमाग बोंडअळीही बळावली. देशांतील लागवडीपैकीं सुमारें पांच टक्के जमीन कापसाची, परंतु खपणाऱ्या कीटकनाशकांपैकीं जवळजवळ निम्मीं एकट्या कापसावर पडत, असा पुढें कित्येक वर्षें हिशेब सांगितला जात असे. आधीं डीडीटी व बीएचसी, मग एंडोसल्फान, मग मोनोक्रोटोफॉससारखीं फॉस्फरसयुक्त द्रव्यें, आणि १९८० च्या पुढें सायपरमेथ्रिनसारखीं, शेवंतीच्या जातीच्या एका फुलांतील विषाच्या धर्तीवर बनविलेलीं द्रव्यें, अशी ही परंपरा आहे.

याच काळांत आमच्या भाषेंत एक गोष्ट झाली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या साऱ्या द्रव्यांस शेतकऱ्यानें एकच नांव दिलें: औषध. कापसाला औषध मारलें, तुरीवर औषध फवारलें, असें तो बोलतो. पीक आजारी आहे व आपण त्याचा वैद्य आहों, अशी त्यामागची भावना. ती वाईट नाहीं. परंतु ज्या वस्तूस औषध म्हटलें तिची भीति मनुष्य कशी बाळगणार? औषध जरा जास्त झालें तर गुण लवकर येईल, असेंच त्याला वाटणार. त्याच खेड्यांत 'अमक्यानें औषध घेतलें' असें हलक्या आवाजांत कोणी सांगितलें म्हणजे त्याचा अर्थ काय, हें निराळें समजवावें लागत नाहीं. एकच शब्द जगविण्यासाठींही व मरण्यासाठींही. भाषेला खरें ठाऊक होतें. बोलणारांनीं तें ऐकलें नाहीं.

आतां साक्ष घेणारांकडे वळूं. मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. १९९४ सालीं त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव मिळालें. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या या विद्यापीठांतील प्राणिशास्त्र विभागांत, आणि त्याच्याशीं संलग्न असलेल्या महाविद्यालयांत, गोड्या पाण्यांतील मासे, खेंकडे व शिंपले यांवर कीटकनाशकांचा काय परिणाम होतो या विषयाचे प्रबंध एकामागून एक होऊं लागले. महागडीं यंत्रें नसलेल्या महाविद्यालयांतही हें काम होण्याजोगें होतें. कांचेचीं टांकीं, जवळच्या तळ्यांतून आणलेले मासे, मोजून मिसळलेलें विष, आणि रात्रीं-अपरात्रीं उठून मेलेले मासे मोजणारा एक विद्यार्थी, एवढ्या सामग्रीवर शास्त्राचें खरें काम होई.

या प्रयोगाची रीतही मोठी कौतुकाची आहे. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२७ सालीं हृदयावरील औषधांचें सामर्थ्य मोजण्यासाठीं एक युक्ति काढली: जेवढ्या मात्रेनें प्रयोगांतील अर्धे प्राणी मरतात ती मात्रा त्या द्रव्याचें माप समजावें. सर्व प्राणी मारणारी मात्रा एखाद्या चिवट प्राण्यामुळें भलतीच वाढते. अर्ध्यांचा हिशेब मात्र स्थिर राहतो. १९३४ सालीं ब्लिस यानें व १९४७ सालीं फिनी यानें आपल्या ग्रंथांत या हिशेबास पक्कें गणिती रूप दिलें. तेंच गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं उचललें. माशांसाठीं मुदत ठरली ती ९६ तासांची. चार दिवस व चार रात्रींत अर्धे मासे ज्या प्रमाणांत मरतील तें त्या विषाचें अर्धमारक प्रमाण. औषधाचें बळ मोजण्यासाठीं निघालेलें माप अशा रीतीनें विषाचें बळ मोजूं लागलें.

माझ्या एका सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेंत हा प्रकार मीं एकदां पाहिला आहे. विष घातल्यावर पहिला कांहीं वेळ मासे नुसते अस्वस्थ होते. मग ते टांक्याच्या कडेकडेनें वेड्यासारखे धांवूं लागले. पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागले. अंगावर चिकट थर आला. शेवटीं तोल जाऊन ते कुशीवर पडले. शास्त्रज्ञ याचीं कारणें सांगतात तीं अशीं. माशाचा कल्ला हा पाण्यांतील प्राणवायु ओढून घेण्यासाठीं इतका पातळ व इतका विस्तृत असतो कीं विषालाही तोच सर्वांत सोपा दरवाजा होतो. फॉस्फरसयुक्त विषें कोलिनेस्टरेज नांवाचें विकर निकामी करतात. त्यामुळें मज्जातंतूंनीं स्नायूंस दिलेला हुकूम मागें घेतलाच जात नाहीं, आणि स्नायु आखडतच राहतो. यकृतांतील शर्करेचा सांठा झपाट्यानें उतरतो. विषाशीं झगडण्यांतच शरीर आपली पुंजी संपवितें. मरळ, शिंगी, मागूर हे मासे हवेंतूनही श्वास घेतात, म्हणून प्राणवायु कमी असलेल्या पाण्यांत ते तगतात. पण विषाचा तडाखा त्यांनाही चुकत नाहीं.

किती विष पुरतें, हें ऐकून सामान्य मनुष्य चकित होईल. एंडोसल्फानच्या बाबतींत पुष्कळ माशांचें अर्धमारक प्रमाण एका लिटरास एक मायक्रोग्रॅम ते कांहीं मायक्रोग्रॅम इतकें अल्प आहे. याचा घरगुती अर्थ असा: ३३ फूट व्यासाची व ४० फूट पाणी असलेली विहीर घेतली तर तींत सुमारें दहा लक्ष लिटर पाणी मावतें. तेवढ्या पाण्यांत एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, शुद्ध एंडोसल्फान सारखें मिसळलें तर नाजूक जातीच्या माशांस तें घातक ठरूं शकतें. सायपरमेथ्रिनची गोष्ट याहून विचित्र आहे. माणसाचें व गुराचें शरीर तें बऱ्यापैकीं लवकर मोडून टाकतें, म्हणून तें सौम्य गणलें गेलें. माशाच्या शरीरास ही मोडण्याची शक्ति फार थोडी, म्हणून माशाला तें अतिशय जहाल. सौम्य कोणासाठीं, हा प्रश्न या शब्दामागें लपून राहिला.

तो लपण्यास कायद्याचाही हातभार लागला. १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन नांवाचें विष धान्याच्या मालाबरोबर वाहून नेतांना त्यांत मिसळलें आणि सुमारें शंभर माणसें मेलीं. त्या अनर्थानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. आज डब्यांवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण दिसतो तो या कायद्याखालील नियमांचा. परंतु त्या रंगाचें माप मुख्यतः उंदरासारख्या सस्तन प्राण्यावरून ठरलेलें आहे. माशाविषयीं सूचना असलीच तर ती आंतील पत्रकाच्या बारीक अक्षरांत. शेतकरी रंग पाहतो. आणि त्या रंगांत मासा मोजलेलाच नाहीं.

बरें, ९६ तासांचें मापही साऱ्या सत्याचें माप नव्हे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत क्लिअर लेक नांवाचें सरोवर आहे. तेथील चिलटें मारण्यासाठीं १९४९ सालीं डीडीटीच्या जातीचें डीडीडी हें द्रव्य निवडण्यांत आलें. तें माशांस कमी अपायकारक म्हणूनच निवडलें होतें. प्रमाण ठेवलें सात कोटि भाग पाण्यास एक भाग. १९५४ व १९५७ सालीं तें थोडें वाढवून पुन्हां घातलें. मासे पटापट मेले नाहींत. पण त्यांच्या चरबींत विष सांठत गेलें, आणि मासे खाणाऱ्या पाणडुब्या शेंकड्यांनीं मेल्या. त्यांच्या चरबींत दशलक्ष भागांस १६०० भाग विष सांपडलें. रेचेल कार्सन या बाईंनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत ही हकीकत सांगितल्यावर जगाचे डोळे उघडले. म्हणजे मासा मेला तर ती एक साक्ष. आणि मासा न मरतां विष घेऊन जगला तर ती दुसरी, अधिक भयंकर साक्ष. जो मासा जगतो पण अंडीं घालीत नाहीं, त्याची गणति अर्धमारक प्रमाणांत कोठेंच होत नाहीं.

योगायोग असा कीं ज्या बाझलजवळ डीडीटीचा गुण सांपडला, त्याच बाझलजवळ १ नोव्हेंबर १९८६ रोजीं रसायनांच्या एका गोदामास आग लागली. ती विझविण्यासाठीं मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकें ऱ्हाइन नदींत वाहून गेलीं, नदी तांबडी झाली, आणि वामीसारखे दिसणारे ईल मासे सुमारें दीड लक्ष मेले. साऱ्या युरोपांत हाहाकार उडाला, आणि पुढें त्या नदीच्या शुद्धीचा मोठा कार्यक्रम हातीं घेण्यांत आला. आग दिसली, तांबडें पाणी दिसलें, मेलेले मासे दिसले, म्हणून तें झालें. आमच्याकडे आग लागत नाहीं. आश्विनांत एखादें शेत फवारून होतें, दुसऱ्या दिवशीं परतीचा पाऊस पडतो, ओढा थोडा वेळ वाहतो, आणि खालच्या डोहांत चार-दोनशें मासे पांढरीं पोटें वर करून तरंगतात. पैठणच्या बाजूस एका म्हाताऱ्या भोयास मीं याविषयीं विचारलें, तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "वरून औषध उतरलं असंल, मास्तर. आमी कुणाला पुसावं?" त्या डोहाची नोंद कोठेंच होत नाहीं. अशा हजारों लहान मरणांचा मिळून एक इतिहास होतो. पण त्यास बखरकार नाहीं.

पैठणचें नांव घेतलें तें सहज नव्हे. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें पायाभरणी होऊन १९७६ सालीं पुरें झालेलें जायकवाडीचें धरण तेथेंच आहे, आणि मलिक अंबराची नहर ज्या शहरास पुरे तें शहर आज याच नाथसागराचें पाणी पितें. तें पाणी विषारी आहे असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं त्या जलाशयास मिळणारे ओढे ज्या शिवारांतून येतात तीं शिवारें, ते मासे आणि आमच्या घरांतील नळ हीं एकाच पाण्याचीं नातलग आहेत.

नात्याचा हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाहीं. फॉस्फरसयुक्त विष माशांतील ज्या विकरास निकामी करतें, तेंच विकर मनुष्याच्या शरीरांतही तेंच काम करतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करणारे शेंकडों शेतकरी व मजूर अंधुक दृष्टि, उलट्या व धाप यांनीं ग्रासून रुग्णालयांत दाखल झाले, आणि वीसाहून अधिक दगावले. चौकशीसाठीं विशेष पथक नेमलें गेलें. प्रोफेनोफॉससारख्या द्रव्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत आलीं. लोकांस हें सारें अकल्पित वाटलें. परंतु तें अकल्पित नव्हतें. धाप लागणें, तोल जाणें, स्नायु आखडणें, हीं लक्षणें आमच्याच प्रयोगशाळांच्या कांचेच्या टांक्यांत कित्येक दशकें दिसत होतीं, आणि तासातासाच्या नोंदींसह लिहून ठेवलेलीं होतीं. साक्ष झाली होती. ती वाचून दाखविली गेली नव्हती.

याचें कारण शोधूं गेल्यास बोट आपल्याकडेच वळतें. हे प्रबंध इंग्रजींत लिहिले गेले, इंग्रजींत तपासले गेले, आणि पदवी हातीं पडल्यावर ग्रंथालयाच्या कपाटांत गेले. शास्त्राला इंग्रजी लागते, हें मी इंग्रजीवरच पोट भरलेला मनुष्य नाकबूल कसें करूं? पण ज्या तळ्यांतून मासे आणले त्या तळ्याच्या ठेकेदाराला, ज्या भोयानें ते धरून दिले त्याला, आणि ज्या शिवारांत तें विष फवारलें जातें तेथील शेतकऱ्याला, दोन पानें मराठींत लिहून देणें हेंही विद्येचेंच काम होतें. आम्हीं अध्यापकांनीं तें आपलें मानलें नाहीं. अपवाद असतील, व त्यांस माझा नमस्कार. पण अपवादांनीं शिवार शहाणें होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, शेतकऱ्यास हें कळून तरी काय होणार? अळी बोंड पोखरीत असतां तो हात जोडून बसेल काय? आक्षेप खरा आहे. २००२ सालीं बीटी कापूस आला तेव्हां कांहीं वर्षें फवारे कमी झालेही. पुढें गुलाबी बोंडअळी त्यास सरावली आणि रस शोषणारे किडे वाढले, तसे फवारे पुन्हां वाढले. कर्जानें पिडलेल्या मनुष्यास माशासाठीं पीक सोडावयास सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु ओढ्याच्या कांठचे चार तास फवारूं नये, आभाळ भरून आलें असतां फवारूं नये, पंप व रिकामे डबे डोहांत धुऊं नयेत, जरुरीपेक्षां जास्त मात्रा घालूं नये, यांपैकीं एकही गोष्ट पीक बुडविणारी नाहीं. उलट औषधाचा पैसा वांचविणारीच आहे. त्या करावयास धन लागत नाहीं, माहिती लागते. सरकारनें १९८९ सालीं शेतीसाठीं डीडीटी बंद केलें. सर्वोच्च न्यायालयानें १३ मे २०११ रोजीं एंडोसल्फानवर बंदी घातली. हीं पावलें योग्यच होतीं. पण एक नांव गेलें म्हणजे दुसरें येतें. आणि जोंपर्यंत तें 'औषध' या नांवानें येतें, तोंपर्यंत बंदीचा कागद ओढ्यापर्यंत पोहोंचत नाहीं.

मागल्या महिन्यांत माझ्या एका विद्यार्थ्यानें, जो आतां प्राणिशास्त्राचाच अध्यापक आहे, आपल्या प्रबंधाचा सारांश चार पानांत मराठींत लिहून मजकडे भाषा तपासण्यासाठीं आणला. त्यांत त्यानें प्रथम सर्वत्र 'औषध' असें लिहिलें होतें, कारण लोक तसेंच बोलतात. तो शब्द ठेवावा कीं खोडावा, यावर आमचें बराच वेळ बोलणें झालें. शेवटीं पहिल्या ओळींत 'औषध' ठेवून, दुसऱ्या ओळींत 'म्हणजे विष' असें आम्हीं लिहिलें. तीं चार पानें घेऊन तो पैठणकडे गेला आहे.